याकूब सरांनी घेतलेलं खबऱ्याचं सोंग

याकूब सरांच्या शोकसभेत गावचे सगळ्यांत मोठे जमीनदार आबासाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सर म्हणजे सामाजिक एकात्मतेचा दीपस्तंभ होते." बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण आमच्या शोकसभांमध्ये दीपस्तंभांचा तुटवडा कधी पडत नाही. जिवंतपणी ज्याच्या अंगणात कोणी पाऊल टाकलं नाही, तो मेल्यावर दीपस्तंभ होतो, वटवृक्ष होतो, फारच गरीब असला तर निदान पणती तरी होतोच. मी शोकसभेसाठी बदलीच्या गावाहून आले होते आणि मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. सर तिथे असते तर त्यांनी आबासाहेबांना एवढंच विचारलं असतं, "काय काम हाय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कोणी तोंडावर कौतुक केलं की सर डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, "काय काम हाय?" एकदा तालुक्याहून आलेल्या साहेबांनी शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांची पाच मिनिटं तारीफ केली. सरांनी प्रश्न टाकला. साहेब ओशाळले आणि म्हणाले, नव्या घराला नावाची पाटी रंगवून हवी होती. सरांनी पाटी रंगवून दिली, फुकट दिली, पण साहेब गेल्यावर मला म्हणाले, "बाई, तारीफ हे अर्ज करायची नवी पद्धत हाय."

मी या गावात शिक्षिका म्हणून बदलीवर आले तेव्हा सर जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. पुढे निवृत्त झाले, पण शाळेत येणं काही सुटलं नाही. उंच, वाळकुडा देह, आखूड पांढरी दाढी, खिशाला कायम निळ्या रंगाचा डाग. एक सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. हातात धरून गावभर चालायचे. विचारलं तर म्हणाले, "बसलो तं लोकं थांबवत नाईत. थांबवलं नाई तं भांडू कोनाशी?" भांडण हा त्यांचा व्यायाम होता. जातीवरून ताठ चालणारा माणूस दिसला की त्यांना चेव यायचा, आणि आमच्या गावात तसं न चालणारा माणूस शोधावा लागे.

गाव सोनाळ्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाला एक इतिहास आहे, म्हणजे बाकी काही नसल्यामुळे तोच आहे. इंग्रजांच्या काळात इथल्या पाच माणसांनी जंगलाची चौकी जाळली आणि डोंगरात राहून साहेबाला सळो की पळो करून सोडलं. गोविंदा कुणबी, सोमा कोरकू, रसूल लोहार, डफडं वाजवणारा मांगाचा लखू आणि मिठाच्या गोण्यांतून बारूद नेणारी सोनकी बंजारीण. शेवटी कोणीतरी खबर दिली आणि पाचही धरले गेले. हा 'कोणीतरी' म्हणजे आबासाहेबांचे पणजोबा. बदल्यात साहेबाने ओढ्याकाठचं सोन्यासारखं रान दिलं, त्याला अजून 'बक्षिसाचं वावर' म्हणतात. बक्षीस कशाचं, हे वडीलधाऱ्या सगळ्यांना माहीत आणि कोणीच उच्चारत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना त्याच वावरात रोजंदारी मिळते, तेव्हा इतिहासाला तोंड आवरावं लागतं.

या पाच जणांचं नाटक सर दरवर्षी सव्वीस जानेवारीला बसवायचे. संध्याकाळच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून भर दुपारी शाळेच्या ओट्यावर. नाटक त्यांनीच लिहिलेलं, आणि वाईट लिहिलेलं. मी पडद्यामागून वाक्यं पुरवायचे, त्यामुळे अधिकाराने सांगते. पण पात्रं वाटायचा त्यांचा नियम मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. ज्या समाजाचं पात्र, त्या समाजाचं पोरगं त्यात घ्यायचं नाही. कुणब्याच्या पोराने लखू व्हायचं, मांगवाड्यातल्या पोराने गोविंदा, कोरकूच्या पोरीने सोनकी. आणि नुसतं पात्र घेऊन भागायचं नाही. ज्याचं सोंग, त्याच्या वस्तीत आठवडाभर जायचं, तिथे जेवायचं, फेटा कसा बांधतात, बोलतात कसं, वैतागतात कसं ते बघून यायचं. रसूल करणारं पोरगं हनीफ लोहाराच्या भात्याशी बसायचं आणि बोटं पोळून घ्यायचं. वर्षातला तेवढा एक आठवडा गाव माणसासारखं वागायचं. सत्तावीस तारखेला सगळे पुन्हा आपापल्या जागी.

एकदा एका मुलाचे वडील तणतणत आले. पोराला लखू केला म्हणून घरात रडारड चालली होती.

"सर, आमच्या जातीचं पात्र द्या न त्याले."

"तुमच्या जातीचं तं तो घरी रोजच करते," सर म्हणाले. "नाटकात काऊन करन?"

"पन लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, पोट्ट्यानं डफडं चांगलं वाजवलं. तुमाले काय वाजवता येते, सांगा बरं."

वडील गेले. पोराने लखू केला आणि नाटक संपल्यावर डफडं परत द्यायला तयार होईना.

राहिला खबऱ्या. ते सोंग घ्यायला पहिल्या वर्षीच कोणी तयार झालं नाही. मोठ्या घराचं नाव घ्यायची छाती नव्हती आणि दुसऱ्या कुठल्या घराच्या माथी मारायचं तर मारामारी. तेव्हा सरांनी खबऱ्याला नावच दिलं नाही, जात दिली नाही, आणि सोंग स्वतः घेतलं. मला म्हणाले होते, "खबऱ्याले जात देली की त्या जातीचं लेकरू दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाई." तेव्हापासून दरवर्षी खबऱ्या म्हणजे याकूब सर. ते वाकून, हात चोळत ओट्यावर आले की लोक भुईमुगाची टरफलं फेकायचे, बाया बोटं मोडून शिव्या घालायच्या. सरांना ते फार आवडायचं. शिव्या जोरात पडल्या नाहीत तर काम पडलं असं समजायचे. आबासाहेब पुढच्या सोफ्यावर बसून तृप्त चेहऱ्याने बघायचे. पणजोबांचं पाप दुसरा माणूस दरसाल फुकटात वाहून नेतोय, इतकी सोय कोणाची असते?

आणि मग सिनेमा आला.

मुंबईचे लोक होते. पंधरा गाड्या, दोन जनरेटर, आणि प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, जणू ते हरवले तर परत पाठवायला लागतील. दिग्दर्शक तरुण होता, बोलायला गोड होता आणि कुणाचंही बोलणं पूर्ण होऊ देत नव्हता. आबासाहेबांनी पाहुणचार केला. गाड्यांना जागा दिली ती बक्षिसाच्या वावरात. म्हणजे बंडखोरांवरच्या सिनेमाचा तळ पडला तो बंडखोर विकून मिळालेल्या जमिनीवर. मला त्या दिवशी देव आहे असं वाटलं, आणि तो टवाळ आहे असंही.

त्यांना शाळेची भिंत इंग्रजांची चौकी म्हणून हवी होती. त्या भिंतीवर सरांनी पाचही जणांची चित्रं काढली होती. कलाविभागाच्या माणसांनी सकाळी बादल्या आणल्या आणि भिंत जुनी दिसावी म्हणून पाचही तोंडांवर चिखल लिंपला. पाच जणांचा गौरव करायला आलेल्यांनी सुरुवात अशी केली.

मग माणसं निवडली. गोऱ्या पोरांना पुढे, सावळ्यांना मागे. डोंगरातून कोरकू माणसं बोलावली होती. ती बिचारी सिनेमात जायचं म्हणून इस्त्रीचे शर्ट घालून, केसांना तेल लावून आली. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "हे आदिवासी वाटत नाहीत." मग त्यांचे शर्ट उतरवले आणि अंगाला तेलात कालवलेली काजळी फासली. एक म्हातारा म्हणाला, "साहेब, आमी शर्ट घालतो." मुलगा म्हणाला, "काका, पडद्यावर नाही." सर सायकल धरून बघत होते. त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू मुंबईचा ना? मंग तू मुंबईचा वाटायले काय फासतं?" त्याने सर हसण्यासारखं काही बोलले असतील असं समजून हसून घेतलं.

सोनकीचं नाचगाणं झालं. लखू लांबी वाढते म्हणून कापला गेला. गोविंदा झालेल्या नटाचे दंड बघून तो दोन वेळची भाकर कोणाची खात असेल हा प्रश्न पडत होता. हे सगळं सरांनी थुंकून सोडून दिलं असतं. पण तिसऱ्या दिवशी हनीफ लोहार धापा टाकत शाळेत आला.

"सर, त्याईनं रसूललेच खबऱ्या केला."

हनीफ म्हणजे रसूलचा पणतू. त्याच्या भात्याशेजारी अजून रसूलचा हातोडा टांगलेला असतो. सर तसेच निघाले, मी मागोमाग. बक्षिसाच्या वावरात छत्रीखाली दिग्दर्शक बसला होता, शेजारी आबासाहेब. सरांनी विचारलं, रसूलने कोणाची खबर दिली हे तुम्हाला कोणी सांगितलं?

"सर, बसा ना," दिग्दर्शक म्हणाला. "आम्ही सगळ्या समाजांना रिप्रेझेंटेशन दिलंय. हिंदू आहेत, आदिवासी आहेत, स्त्री आहे, मुस्लिम पात्रही आहे."

"हाय ना. एकच देलं, आन् तेही विकून टाकलं."

"पण हे आम्ही मनाने नाही केलं. आमचा पूर्ण रिसर्च आहे." त्याने मोबाइल पुढे केला. गावातल्याच कोणीतरी काढलेला नाटकाचा व्हिडिओ होता. वाकून, हात चोळत येणारे दाढीवाले याकूब सर त्यात स्पष्ट दिसत होते. बाया बोटं मोडत होत्या. "हा खबऱ्या मुस्लिमच आहे ना? तुम्हीच तर केलाय. तुमच्या टोळीत मुस्लिम एकच, रसूल. आम्ही फक्त दोन पात्रं जोडली."

सरांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल परत केला. गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की आमच्या नाटकात जो जे करतो तो ते नसतो. पण बाहेरून आलेल्याला कसं कळणार? त्याला दाढी दिसली. सरांनी माणूस म्हणून अंगावर घेतलेली गोष्ट त्याने पुरावा म्हणून वहीत टाकली. सरांनी हळूच मान वळवून आबासाहेबांकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. आबासाहेब म्हणाले, "सर ते काम लयच जबरदस्त करतात," आणि चहा सांगायला उठले.

दिग्दर्शकाला तेवढ्यात कल्पना सुचली. सरांनीच सिनेमात खबऱ्या करावा, मानधनही चांगलं देऊ. सर म्हणाले, "फुकट करत होतो तंवर सोंग होतं. पैसे घेतले तं साक्ष होईन."

परतताना मी भडकले होते. "सर, सांगून का नाही टाकत, कोणाचे पणजोबा ते? पूर्ण गाव तुमच्या बाजूने उभं राहील."

"गाव?" सर एवढं हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "आबासाहेबाचा नातू हाय न, यश. सहावीत. मी नाव सांगितलं तं उद्या पोट्टे त्याले काय म्हनतीन? त्यानं कोनाची खबर देली?"

"आणि हनीफची पोरं? त्यांना काय म्हणतील?"

सर सायकल ढकलत पुढे झाले. पण तेव्हापासून ते एकच गोष्ट चावत राहिले हे मला दिसत होतं. एका लेकराला डाग लागू नये म्हणून तोंड बंद ठेवायचं, तर दुसऱ्या लेकरांना तोच डाग लागतो. आणि ज्याने तो डाग आपलाच आहे म्हणून एका शब्दात उचलायचा, तो चहा सांगतोय.

सिनेमा लागला तेव्हा आबासाहेबांनी खामगावला जायला गाड्या केल्या. हनीफही गेला, बायकापोरांना नवे कपडे घालून. त्याला वाटत होतं सरांनी बोलणं केलंय म्हणजे काहीतरी बदललं असेल. पडद्यावर डोळ्यांत सुरमा घातलेला, हिरवा रुमाल गुंडाळलेला रसूल साहेबापुढे पैशाची थैली झेलायला लागला आणि आमच्याच गावच्या पोरांनी शिव्या घातल्या. तीच पोरं, ज्यांच्यापैकी दोघांनी लहानपणी रसूल केला होता आणि हनीफच्या घरी आठवडाभर जेवले होते. हनीफ मध्यंतराआधी उठला. शेवटी पाट्या पडत होत्या तेव्हा 'विशेष आभार' म्हणून आबासाहेबांचं नाव आलं आणि शिट्ट्या वाजल्या.

सर गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हनीफला विचारलं, "बाकी सिनेमा कसा होता?"

हनीफ म्हणाला, "गाने चांगले हायत."

यानंतर भात्यावरून जाताना टवाळ पोरं 'ए खबऱ्या' म्हणून ओरडायला लागली. हनीफच्या मधल्या पोराने शाळेत यायचं बंद केलं. सर दोनदा घरी जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आले, तिसऱ्यांदा तो घरात लपून बसला.

जानेवारी आला. सरांनी पात्रं वाटली. रसूलचं काम दिलं आबासाहेबांच्या यशला. इंग्रजी शाळेची व्हॅन खड्ड्यांमुळे यायची बंद झाल्यापासून तो आमच्याकडेच होता. आबासाहेबांना नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं. यश आठवडाभर हनीफच्या भात्याशी बसला, हनीफच्या मधल्या पोराने त्याला घण धरायला शिकवलं, आणि शिकवायचं म्हणून ते पोरगं शाळेतही यायला लागलं. मग सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, यंदा ते खबऱ्या करणार नाहीत.

"मंग कोन करन?" सरपंच म्हणाले.

"ज्याले वाटन तो करन. मी इतके साल केलं. आता लोकाईले ते माहं तोंड वाटते."

कोणाला वाटलं नाही. मी म्हटलं, मी करते. सर म्हणाले, "बाई, तुमी बाहेरगावच्या. हे गावानं करायचं काम हाय." रोज तालमीत तो प्रवेश आला की सगळे चप्पलांकडे बघायचे. एकात्मतेवर तास तास बोलणारी माणसं होती त्यात. खबऱ्याशिवायच सव्वीस तारीख उजाडली.

झेंडा झाला, आबासाहेबांचा सत्कार झाला, भगव्या काठाची जाड शाल त्यांच्या खांद्यावर चढली आणि नाटक सुरू झालं. सर पहिल्यांदाच ओट्याखाली सतरंजीवर बसले होते, हनीफच्या शेजारी. नाटक बरं चाललं. पाचही जण झाडाखाली येऊन बसले. इथे खबऱ्याने यायचं. कोणी आलं नाही. पोरं बसून राहिली. डफडं आपोआप थांबलं. आत इंग्रज साहेब झालेला पोरगा मला विचारत होता, मी जाऊ का, आणि माझ्याजवळ सांगायला वाक्य नव्हतं. लोक आधी कुजबुजले, मग गप्प झाले, मग एकेक मान पुढच्या सोफ्याकडे वळायला लागली. बायांच्या बाजूनेसुद्धा. आबासाहेब समोर बघत बसले होते.

यशला ती शांतता सोसवेना. तो उठून ओट्याच्या काठावर आला आणि ज्या माणसाला गावातलं सगळं माहीत असतं असं त्याला वाटे, त्याला त्याने विचारलं, "आबा, खबऱ्या कोन होता?"

आबासाहेब शाल सारखी करायला लागले. मागून एक म्हातारी बोलायला लागली होती, "अरे बाबू, तुह्याच..."

सर ताडकन उठले. म्हातारीचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते सोफ्यापाशी पोचले, वाकले आणि आबासाहेबांच्या खांद्यावरची शाल काढून घेतली. मागितली नाही, काढून घेतली. ती स्वतःच्या अंगावर ओढली, त्यांच्यासारखीच, एक पदर डाव्या खांद्यावर टाकून, आणि पायऱ्या चढून ओट्यावर गेले. हात चोळले नाहीत, वाकले नाहीत. आबासाहेब जसे ताठ, पोट पुढे काढून चालतात तसे चालले. मी आतून साहेब झालेल्या पोराला बाहेर ढकललं, आणि त्याच्यापुढे उभे राहून सर म्हणाले, "साहेब, मानसं मी दाखवतो."

यशला काहीच कळलं नाही. खबऱ्या आला म्हणून तो आनंदाने आपल्या जागेवर जाऊन बसला. बाकी सगळ्यांना कळलं. शेंगा सगळ्यांच्या हातात होत्या, टरफल कोणी फेकलं नाही. पाचही जण धरले गेले, नाटक संपलं, टाळ्या उशिरा वाजल्या.

सर खाली उतरले. शाल झटकली, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी आबासाहेबांपुढे धरली. "घ्या," एवढंच म्हणाले. उन्हं कलली होती, हवेत चांगला गारठा होता. आबासाहेबांनी ती घेतली, पण अंगावर घातली नाही. गाडीपर्यंत ती हातातच, अंगापासून दूर धरून नेली. मला ते बघून मनापासून आनंद झाला, शिक्षिकेला न शोभणारा आनंद. त्यानंतरचा पावसाळा सरांनी काही काढला नाही, आणि उन्हाळ्यातच माझीही बदली झाली, त्यामुळे सरांचं माझ्याजवळ उरलेलं चित्र ते हेच: रिकाम्या हातांनी उभे, ती गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बघणारे. आणि हनीफ सतरंज्या गोळा करायच्या सोडून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिलेला.